गजूची पुसलेली पाटी

गजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी संग्रामपूरला भाचीच्या लग्नात पंगतीत बसलो होतो. ताट तसंच सोडून उठलो. जीप, मग एसटी करत चिखली गाठली तर त्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या कॉम्प्युटर क्लासमधून शिकून बाहेर पडलेली पोरं-पोरी, आता नोकऱ्यांना लागलेली, ओक्साबोक्शी रडत होती. भागीदार गेला, लहानपणचा मित्र गेला, म्हणून मीही रडलो. पण खरं सांगतो, ती गर्दी बघून माझ्या पोटात दुखलं. मी गेल्यावर यातले कितीजण येतील... हा विचार तिथंच, त्याच्या अंगणात आला.

क्लास आम्ही दोघांनी मिळून काढला होता. युनिक्सचं एकच मोठं मशीन आणि त्याला जोडलेले टर्मिनल, म्हणजे पोरांसमोर नुसते पडदे आणि कीबोर्ड. हार्ड डिस्क जुनी, सगळ्यांनी एकदम प्रोग्रॅम चालवले की घरघर करत बसायची. गजूनं त्यावर मेमरी डिस्कचा उपाय काढला. मशीनच्या रॅमचा एक हिस्सा बाजूला काढायचा, सिस्टीमला सांगायचं की हीच डिस्क समज, आणि फाइली तिथं ठेवायच्या. काम वाऱ्यासारखं व्हायचं. खोट एकच, वीज गेली की त्यातलं सगळं साफ. आणि आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, बॅटरी होती ती नावालाच.

"किरकोळ फाइली ठेव तिच्यात, पोरायचं लिखाण खऱ्या डिस्कवर राहू दे," मी म्हणालो.

"काऊन बे दिलीप, तुले भेवच लय," म्हणत त्यानं अर्धी रॅम मेमरी डिस्कला देऊन टाकली. रॅमच्या बाबतीतही त्याचा हात असा सैल.

व्हायचं तेच झालं. परीक्षा तोंडावर असताना लाइन गेली आणि सकाळभर लिहिलेलं सगळं गेलं. पोरी रडकुंडीला आल्या. मला वाटलं, आता तरी याची खरडपट्टी निघेल. गजू खुर्चीत मागे रेलून खदखदा हसला. "पाटी पुसली! पुसली तं पुसली, डोक्यातलं कुठी गेलं? लाइन आली का पुन्हा लिहा." पोरांनी पुन्हा लिहिलं, आणि आधीपेक्षा सुटसुटीत लिहिलं. याचा मला आजही राग येतो. चूक त्यानं केली आणि पोरांचा जीव त्याच्यावरच जडला! पुढं लाइन गेली की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "पाटी पुसली!"

त्याच आठवड्यात मी मशीनला लावून दिलं, की थोड्या थोड्या वेळानं मेमरी डिस्कची नक्कल खऱ्या डिस्कवर उतरत राहावी. गजूला सांगितलं. तो म्हणाला, "बेस केलं. पन पोरायले नको सांगू, नाहीतं पुन्हा लिहिनार नाहीत." मी नाही सांगितलं. इतकी वर्षं लाइन जायची, हशा त्याच्या वाट्याला जायचा, आणि माझी नक्कल आत गप पडून राहायची. तिचं कौतुक करणारा एकटा गजू होता... तोही गेला.

परवा शिकवत होतो. त्याच्या खुर्चीत अजून कोणी बसत नाही, मीही स्टुलावरच बसतो. लाइन गेली. "पाटी पुसली!" वर्ग ओरडला, आणि सगळ्यांच्या नजरा त्या रिकाम्या खुर्चीकडे गेल्या. मग एक पोरगी म्हणाली, "सर, गजूसर असते तं आता हसले असते."

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. बाळांनो, काही गेलेलं नाही, सगळं आहे, मी ठेवलंय. आता मनाई करणारा कोण होता?

"हो, हसला असता," मी म्हणालो.

लाइन आली. पोरं पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागली. त्यांचं सकाळचं सगळं लिखाण खऱ्या डिस्कवर होतं, आणि मागायला कोणीच आलं नाही.