मेस्ताच्या कुलपाची दुसरी चावी

शनिवारी कारखान्याच्या मिक्सरमध्ये उतरायच्या आधी मेस्त आपल्या पँटच्या उजव्या खिशावर दोनदा थाप मारायचा. खिसा टम्म फुगलेला असायचा आणि चालताना आतून काहीतरी एकमेकांवर आपटल्याचा बसका आवाज यायचा. "मेस्त, आज पाव-उंडे खिशातून आणलेस की काय?" असं मी दर शनिवारी विचारायचो. "तां सोड, पात्रांव. कामाचां आसा," एवढंच उत्तर मिळायचं. पात्रांव म्हणजे मालक, मला तो थट्टेने तसं म्हणायचा. मग लगेच त्याचा नेहमीचा प्रश्न: "चावी कोणाकडे आसा?"

आमच्याकडे हाताला कसब असलेल्या माणसाला मेस्त म्हणतात, आणि एकदा म्हटलं की त्याचं खरं नाव कोणी विचारत नाही. हा आमचा इलेक्ट्रिशियन. डिचोलीजवळच्या पशुखाद्याच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तो पेडण्याहून, मोपाच्या पठाराखालच्या एका गावातून, रोज स्कूटरने यायचा. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. सगळे "होईल हो" म्हणत असताना हा "कसं होईल" म्हणून विचारतो आणि सगळ्यांचा खोळंबा करतो. खरं सांगायचं तर मला अशी माणसं लांबूनच आवडतात. हा मात्र माझ्या स्टोअरच्या दारातच ठाण मांडून असायचा.

गुरांच्या खाद्यात उसाची मळी घालतात. ती मिक्सरच्या पात्यांना चिकटते आणि वाळून दगड होते. दर शनिवारी दुपारी आमचा सफाईवाला दत्ताराम आणि आणखी चौघे कामगार त्या लोखंडी पोटात उतरून ती खरवडतात. सहावा मेस्त, आतल्या वायरी बघायला. पाती माणसाच्या कमरेएवढी आहेत. आत माणसं असताना बाहेर कोणी स्विच वर केला तर काय होईल, ते मी लिहीत नाही.

पूर्वी खबरदारी म्हणून दत्ताराम स्विचच्या दांड्याला आपला टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की हात लावायचा नाही, असा अलिखित कायदा होता. एका शनिवारी कोणीतरी हात पुसायला तो टॉवेलच सोडून नेला. काही झालं नाही. पण मेस्ताने तो मोकळा दांडा पाहिला आणि तसाच साहेबांच्या खोलीत गेला. दांड्याला कुलपं हवीत, आत उतरणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं, नाहीतर आपण घरी बसतो, असं सांगून आला.

कुलपं आणायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी बाजारातून पितळेची सहा कुलपं आणली, चांगली जड. मेस्ताने ती हातात घेऊन बघितली आणि परत केली. "पितळ देवळात बरी. हंय ती करंटाक वाट दिता." मग मी फोंड्याचा एक विक्रेता बोलावला. त्याने टेबलावर रंगीबेरंगी नमुने मांडले आणि बोलायला लागला. मेस्ताने ब्रेकर बंद ठेवायला त्यावर बसवायचा चिमटा घेतला, बसवला आणि स्क्रू-ड्रायव्हरने एक पीळ दिला. चिमटा उडून विक्रेत्याच्या चहाच्या कपात पडला.

जेवणाच्या सुट्टीत एका हातात उंडो आणि दुसऱ्या हातात विक्रेत्याच्या कुलपांच्या चाव्यांचा झुबका घेऊन मेस्त बसला, आणि प्रत्येक चावी प्रत्येक कुलपात घालून पाहू लागला. अर्ध्या तासाने त्याने मला हाक मारली. एकाची चावी दुसऱ्याच कुलपाला लागली होती. विक्रेता म्हणाला, लाखात एखादं असं होतं. मेस्त म्हणाला, "आमचे साच माणूस आसत." लाख नव्हे, सहाच.

दुसऱ्या खेपेला लाल प्लॅस्टिकची कुलपं आली. दांडीही प्लॅस्टिकची, प्रत्येकाची चावी निराळी. सोबत सहा भोकांची एक कडी होती. ती स्विचच्या दांड्यात अडकवायची आणि तिच्या भोकांत सहा जणांनी आपापलं कुलूप घालायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत दांडा हलत नाही. मेस्ताने दत्तारामाचे हात मुद्दाम मळीत बुडवून त्याच्याकडून कुलूप दहा वेळा उघडून घेतलं, आणि मगच हो म्हणाला. वर प्रत्येक कुलपावर मालकाचा फोटो चिकटवायचा हट्ट. मी म्हटलं नंबर पुरे. "नंबर बघून कोणाचो हात थांबना. तोंड बघून थांबता," तो म्हणाला. त्याचा स्वतःचा फोटो भांग पाडून, डोळे वटारून काढलेला होता. आम्ही त्यावर आठवडाभर हसलो.

खरं भांडण पुढेच झालं. प्रत्येक कुलपाबरोबर दोन चाव्या आल्या होत्या, आणि मेस्ताचं म्हणणं, दुसरी तोडून टाक. आता तुम्हीच सांगा, मी स्टोअरवाला. माझ्या भिंतीवर कारखान्यातल्या प्रत्येक दाराची दुसरी चावी चिठ्ठी लावून टांगलेली आहे. शेजारचे परगावी जाताना घराची चावी माझ्याकडे ठेवतात. जिथे दुसरी चावी नाही तिथे मला झोप लागत नाही.

तेव्हा मेस्ताने मला त्याच्या वडिलांची गोष्ट सांगितली. गावच्या देवळात देवाच्या दागिन्यांची पेटी. तिला तीन कुलपं, तीन माणसांकडे तीन चाव्या, त्यातली एक त्याच्या वडिलांकडे. एका जत्रेला वडील तापाने फणफणलेले. चावी द्या, आम्ही पेटी उघडतो, असं कोणी म्हटलंसुद्धा नाही. चौघांनी त्यांना कदेलावर, म्हणजे खुर्चीवर बसवलं आणि उचलून देवळात नेलं. त्यांनी आपल्या हाताने कुलूप काढलं आणि पुन्हा कदेलावर बसून घरी आले. "तिघेय आयल्याबगर पेटी उघडना," मेस्त म्हणाला. "देवाच्या पेटीची दुसरी चावी कोण दवरता रे?"

मी कपाटातून करवत काढली. शेगड्यात, म्हणजे टेबलाच्या लोखंडी पकडीत धरून आम्ही एकेक चावी मधोमध कापली आणि दोन-दोन तुकडे पत्र्याच्या डबीत टाकले. पाच झाल्या तेवढ्यात मेस्ताला पॅनलवरून बोलावणं आलं. "शेवटची तू काप," म्हणून तो गेला. शेवटची त्याच्याच कुलपाची होती. मी ती टेबलाच्या खणात टाकली. मनाशी म्हटलं, उद्या हा कुलूप लावून पेडण्याला निघून गेला तर कारखाना थांबेल. डबी मेस्ताकडे गेली. तो त्याबद्दल काही बोलला नाही, आणि सहाव्या चावीची आठवण मला फक्त खण उघडताना व्हायची.

आठ महिन्यांनी एका शनिवारी तेच झालं. सफाई संपली, पाचही जणांनी आपापली कुलपं काढली. कडीत मेस्ताचं एकच कुलूप उरलं. बाहेर ट्रक उभा होता आणि शिफ्टचे साहेब घड्याळ बघत होते. मेस्ताची स्कूटर जागेवर नव्हती, फोन लागत होता पण कोणी उचलत नव्हतं. साहेबांनी मिक्सरच्या दिशेने दोन हाका मारल्या आणि म्हणाले, "गेला घरी. तुझ्याकडे असेल ना दुसरी?"

मला त्या क्षणी बरं वाटलं, हे कबूल करतो. मी खण उघडला, चावी घेतली, पॅनलपाशी गेलो. चावी कुलपात घातली. तेव्हा तो फोटो दिसला. भांग पाडलेला, डोळे वटारलेला, अगदी माझ्याकडे बघणारा. माझा हात तिथेच राहिला. मी साहेबांना म्हटलं, "एकदा आत बघून येतो." ते रागावले. मी चावी काढली आणि मिक्सरच्या मागच्या दाराकडे धावलो.

मेस्त आत होता. खरवडताना झाकणाच्या सेन्सरची वायर तुटली होती. ती जोडायला तो पुन्हा उतरला होता, दोन पात्यांच्या मधे उताणा, कानात कापसाचे बोळे. स्कूटर दत्ताराम बेअरिंग आणायला घेऊन गेला होता आणि फोन स्कूटरच्या डिकीत वाजत होता.

मी तिथेच खाली बसलो. तो बाहेर आला, कानातले बोळे काढले, तेव्हा मी मूठ उघडून चावी दाखवली. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही.

मेस्ताने चावीकडे पाहिलं. मग उजव्या खिशात हात घालून एकेक करत तीन जाड, पांढरे, चिनी मातीचे फ्यूज काढले आणि माझ्या पुढ्यात ठेवले. मिक्सरचे. ते काढलेले असताना कुलूप उघडून दांडा वर केला असता तरी पातं हललं नसतं.

"धा तुकडे मोजलंय मी," तो म्हणाला. "बारा जावक होये."

म्हणजे आठ महिने दर शनिवारी हा माणूस माझ्या खणातल्या चावीपायी फ्यूज खिशात घेऊन आत उतरत होता. "मग मागितली का नाहीस?" मी विचारलं.

"मागलंय असतंय तर तू दिलंस असतंस. आणि गुपचूप तिसरी करून घेतलंस असतंस." यात खोटं काही नव्हतं. फ्यूज गोळा करत तो म्हणाला, "तुझी तू हाडून दितलंस, म्हणान रवलंय." मी आपणहून आणून देईन, म्हणून तो थांबला होता.

चावी त्याच दुपारी कापली. करवत मी धरली. मग त्याने डबी माझ्यापुढे ओतली आणि मला मोजायला लावली. बारा.

पुढच्या शनिवारी मी दारात उभा राहून आधी त्याचा खिसा पाहिला. सपाट होता. मेस्त नेहमीसारखी दोनदा थाप मारायला गेला, खिशात काही नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो हसून तसाच आत उतरला. मला आयुष्यात पुष्कळ जणांनी घराच्या चाव्या सांभाळायला दिल्या. पण असा विश्वास कोणी टाकला नव्हता.

दोन वर्षांनी तो निवृत्त झाला. कुलूप आणि चावी घेऊन गेला, कारण ती त्याची होती. डबी मला देऊन गेला. घरच्या विहिरीच्या पंपाला हात घालायच्या आधी तो स्विचला तेच कुलूप लावतो. बायको फोटोवर हसते, असं त्याने फोनवर सांगितलं. अजूनही फोन आला की पहिला प्रश्न तोच, चावी कोणाकडे आसा. ज्याची त्याच्याकडे, असं मी सांगतो.

त्याच्या जागी मुळगावची एक इलेक्ट्रिशियन आली आहे, दोन मुलांची आई, आधी खाणीवर काम केलेली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "भाऊ, कुलपाची दुसरी चावी स्टोअरात नाही ना?" मी तिला शेगड्यापाशी नेलं, तिच्यादेखत तिच्या नव्या कुलपाची दुसरी चावी कापली आणि दोन्ही तुकडे डबीत टाकले. तिने डबी हातात घेतली, उलटी केली आणि तुकडे मोजले. चौदा. मला फार बरं वाटलं.

शनिवारी ती मिक्सरकडे निघाली तेव्हा मी दारात उभा होतो. सवयीने खिशाकडे पाहिलं. सपाट होता.