न तुटणारी कवळी

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाईट आहे, माफी असावी. चौथीनंतर हात वळलाच नाही.

वाटीतल्या पाण्यात ह्यांची नवी कवळी पडून आहे. मी तिच्याकडे बघते, पण माझ्या आत काही हलत नाही. ती मऊ आहे. दाबली की वाकते, फरशीवर पडली तरी फुटत नाही. जुनी कडक होती, बेसिनमध्ये पडून दोनदा तुटली. पण हिरड्यांवर घट्ट बसायची, हे तिनं भाकरी खायचे. नवी बोलतानासुद्धा सरकायची.

"अहो, ही मोडणार तरी नाही," मी म्हणायचे.

"मोडत नाही म्हणून काय चाटत बसू?"

ते गेले तेव्हा गाल आत गेले होते. नणंद म्हणाली, "वहिनी, कवळी घाला. दादा असा नको जायला."

नवी घातली, ती बसेना. मग चिकटवलेली जुनी घातली. ती बसली आणि चेहरा ह्यांचा झाला. तीच त्यांच्याबरोबर जळली.

न तुटणारं आपल्याला जुळतंच असं नाही. रडू अजून आलेलं नाही. नव्या कवळीसाठी नणंदेनं उसने पैसे दिले होते. आज शेवटचे दोनशे तिच्या हातावर ठेवले. सगळे फिटले.