लाल तामेतोमो छापणारा

जपानच्या एदो शहरात देवीची साथ आली की इसोकिचीच्या हाताला उसंत नसे. लाल रंगाला रोग भितो म्हणून आजारी पोरांच्या उशाशी लावायला लोकांना लाल चित्रं हवी असत, आणि त्यातही तामेतोमो. ज्याच्या बेटावर पाय ठेवायची देवीच्या रोगाची छाती झाली नाही, असा तो जुन्या कथेतला धनुर्धर. ताणलेलं धनुष्य, वटारलेले डोळे, पायाशी गयावया करणारा रोगदेव. कोरणारा लाकडी ठसे कोरून मोकळा व्हायचा. पुढचं सगळं इसोकिचीवर: ठशाला रंग फासायचा, ओलसर कागद खुणेला लावून ठेवायचा, वरून चकतीनं दाबून घासायचं. दिवसाला दोनशेदा. अशी अडतीस वर्षं झाली होती, आणि त्या साली उजवा खांदा वर उचलेना.

एका सकाळी शेजारची मासेवाली ओरिकू दारात आली. तिच्या नातीला, ओसायोला, ताप भरून तीन दिवस झाले होते.

"भाऊ, एक तामेतोमो द्या. दुकानातला नको. तुमच्या हातचा."

"दुकानातलाही माझ्याच हातचा, ओरिकूताई."

"तो साऱ्या गावाचा. हा आमच्या पोरीसाठी छापा."

इसोकिचीनं चकती खाली ठेवली. "खरं सांगू? कागद आहे आणि लाल रंग आहे. दुसरं काही नाही त्यात. आमच्या ओनुईच्या उशाशी मी तीन लावले होते."

लेकीला, ओनुईला, देवीनं जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्या दिवसांत या घरची चूल ओरिकूनंच पेटवली होती.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तरी द्या. नुसती हात बांधून बसू का मी?"

आतून बायको, ओताकी, म्हणाली, "अहो, वाद घालायला जोर आहे, छापायला नाही होय?"

तो छापायला बसला. पहिल्या कागदावर धनुष्य फिकं उठलं. दुसऱ्यावर डोळे फिसकटले. तिसऱ्या वेळी त्यानं उजव्या हातावर डावा ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. कपाळावर घाम आला, पण चित्र स्वच्छ उतरलं. ओरिकूनं ते ओलंच दोन्ही तळव्यांवर धरून नेलं.

बाराव्या दिवशी ओसायोच्या खपल्या गळाल्या. गालांवर वण राहिले, पण पोर जगली. रोगाला निरोप द्यायच्या रिवाजाप्रमाणे ओरिकूनं चित्र आणि लाल दाण्यांचा भात तांदळाच्या पोत्याच्या गवती झाकणावर ठेवून कालव्यात सोडला. इसोकिचीलाही तिनं ओढून नेलं होतं.

"हे काका रागावलेत का?" आजीच्या पाठीवरून ओसायोनं चित्राकडे बोट दाखवलं.

"तुझ्यावर नाही गं," इसोकिची म्हणाला.

मागं वळून बघायचं नसतं, म्हणून ओरिकू तडक निघाली. तो मात्र तिथंच थांबला. पाणी कागदात शिरलं, लाल रंग सुटू लागला. मागच्या गल्लीत दोन पोरं दगावली होती. त्यांच्याही उशाशी हाच तामेतोमो होता. इसोकिचीला ना आनंद झाला, ना राग आला. फक्त तिथंच काठावर आडवं व्हावंसं वाटलं.

साथ ओसरली तेव्हा ठसे ज्याचे होते त्या प्रकाशकाच्या माणसाला त्यानं ते घेऊन जायला सांगितलं.

"आणि पुढच्या साथीला कोण छापणार?" त्या माणसानं विचारलं.

"कोणीही. घासायचंच तर आहे."

ठसे घेऊन हातगाडी गेली. त्यानंतर आठवडाभर इसोकिची दिवसाउजेडी झोपायचा, आणि ओताकी त्याला उठवायची नाही. पुढं तो हातपंख्यांना कागद चिकटवायचं हलकं काम करू लागला. खांदा दुखायचा थांबला नाही.