पुस्तकांच्या यादीची मागे पडलेली प्रत

किहीमच्या वाचनालयात संगणकाचं काही अडलं की शरच्चंद्र पाटणकरांना हाक जाई. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर ते एकेक गोष्ट धडपडत शिकले होते. यादीचा फोल्डर वाचनालयात आणि घरी आपोआप सारखा राहावा म्हणून मुक्त स्रोताचं एक सॉफ्टवेअर त्यांनीच बसवलं होतं. मग ठाण्याहून पद्माताई आपल्या वाडीत राहायला आल्या, आणि जुन्या पुस्तकांच्या यादीचं अर्धं काम समितीने त्यांना दिलं.

शरच्चंद्र सकाळी वाचनालयात नोंदी करत, पद्माताई दुपारी आपल्या घरी, त्याच फोल्डरला जोडलेल्या लॅपटॉपवर. संध्याकाळी ग्रंथपाल मोबाईलवरून इंटरनेट जोडी, तेव्हा फोल्डर जुळत. पण जुळल्यावर यादीत उरत त्या पद्माताईंच्याच नोंदी.

"काय सुरेख चाललीय हो यादी पद्माताईंची!" अध्यक्ष शिवदास म्हणाले.

शरच्चंद्र तडकले. "दुसऱ्याचं पुसलं की आपलं सुरेख दिसतंच. काम काढून घ्या त्यांच्याकडून."

"शरदराव, भलतंच बोलताय. उद्या सभा आहे. पुरावा आणा, मग बघू."

पुरावा मिळालाही. रोज संध्याकाळी त्यांच्या फाइलवर 'विरोधी प्रत' असा शिक्का पडे आणि पद्माताईंच्या लॅपटॉपवरून ती फोल्डरबाहेर जाई. सॉफ्टवेअरच्या नोंदीत सगळं स्पष्ट होतं. त्यांनी ती कागदावर छापून घेतली. "सापडल्या!" ते पुटपुटले. मग त्या प्रतींवरची तारीख दिसली. प्रत्येकीवर एकच, १ जानेवारी २००९.

एकाच फाइलमध्ये दोघांनी बदल केले की सॉफ्टवेअर नव्या तारखेची फाइल ठेवी आणि जुनी बाजूला काढी. वाचनालयाच्या संगणकातला घड्याळाचा सेल मेला होता. वीज गेली की घड्याळ मागे जाई, संध्याकाळी इंटरनेट आलं की सुधारे. आणि वीज रोज घालवी कोण? एकदा वीज पडून संगणक जळाला, तेव्हापासून निघताना मेन स्विच बंद करायचा नियम शरच्चंद्रांनीच केला होता.

तो कागद शिवदासांना पुरला असता. तारखेकडे कोण बघतं? शरच्चंद्रांनी तो चुरगळला. मग सेल बदलून पद्माताईंच्या पडवीत गेले आणि अडखळत सगळं सांगितलं. आरोपासकट.

"अगंबाई! शरदभाऊ, मला वाटलं तुम्हीच मुद्दाम या प्रती वेगळ्या ठेवताय," पद्माताई हसल्या. त्यांनी लॅपटॉप उघडला. 'शरदभाऊंच्या नोंदी' नावाच्या फोल्डरमध्ये तेवीस प्रती ओळीने लावलेल्या होत्या. "तुमचं अक्षर न् अक्षर जपलंय. विचारायचा तेवढा धीर झाला नाही."

पुसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शरच्चंद्रांना वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी चूक आपली असल्याचं आणि पद्माताईंनी सगळ्या प्रती जपल्याचं सांगितलं. टाळ्या पद्माताईंसाठी झाल्या. शरच्चंद्रांनीही वाजवल्या, जरा हळू.