तळ्याकाठची फक्कीची रेघ

माणगावाहून दिवेआगरला जाताना आमचं तळं लागतं. त्याच्या काठावर सात मजली इमारती उठणार, भोवती भिंत येणार, अशी बातमी आली आणि टपरीपासून देवळापर्यंत गावात दुसरा विषय उरला नाही. आमची सून तेव्हा सरपंच. बिल्डरला जी शेतं हवी होती त्यात एक आमचं, आणि माझा मुलगा विकायला तयार. त्याचं तरी काय चुकलं? भातावर भागत नाही म्हणून कारखान्यात पाळ्या करतो, त्याला स्वतःचा टेम्पो घ्यायचा होता.

पण त्याच काठावर आमचा पाणवठा. धुणं तिथे, म्हशी तिथे, भाद्रपदात तेरड्याची गौरही तिथूनच घरी येते. भिंत झाली की ती वाट बंद.

ना-हरकत द्यायची की नाही ते महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ठरणार होतं. आदल्या दिवशी बायकांची सभा असते. आजवर ती म्हणजे ऑफिसात सही करायची, चहा प्यायचा, घरी यायचं. सून म्हणाली, "आई, उद्या सभा तळ्यावर. धुणं घेऊनच या."

"अगं, सभेला धुणं कशाला?"

"धुताना तुम्ही सगळ्या किती बोलता! ऑफिसात मात्र तोंडाला कुलूप."

खरंच होतं ते. मला कसं सुचलं नाही इतक्या वर्षांत?

बिल्डरचा माणूसही तिने बोलावला. नम्र होता हो, उन्हात उभा राहिला बिचारा. ती म्हणाली, "साहेब, भिंत कुठे येणार ते जमिनीवरच दाखवा." त्याने चुन्याच्या फक्कीने रेघ ओढली. धुण्याचे दगड आत, आम्ही बाहेर.

"काळजी नको मावशी," तो म्हणाला, "गेट ठेवू. तुम्हाला पास देऊ."

माझी जाऊ साबणाच्या हातांनीच उठली. "पास? आनि गौरीला? तिचा पन फोटू लागंल का?"

काय हसलो आम्ही! तोही हसला. पण हसता हसता सगळ्या त्या रेघेकडे बघत होत्या. ठराव तिथेच झाला: काठ आणि वाट मोकळी सोडणार असाल तरच ना-हरकत.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सून उठून म्हणाली, "या विषयात आमचं शेत आहे, मी हात वर करणार नाही." उपसरपंचांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसली. मला तिचा असा अभिमान वाटला, की मी तिची पिशवी उगाच मांडीवर घेतली.

मुलगा बोलला, चांगलं बोलला. गावात काम येईल, पोरं मुंबईला जायची थांबतील. टाळ्या पडल्या. मागून कुणी ओरडलं, "सरपंचबाई, आधी घरात तरी एकमत करा!"

ती बसल्या जागेवरून म्हणाली, "काका, घरात एकमत होत असतं तर ग्रामसभा कशाला लागली असती?"

माझा मुलगाही मान खाली घालून हसला.

मग बायकांचा ठराव वाचला. एरवी आम्ही नवऱ्याकडे बघून हात वर करायचो. त्या दिवशी जाऊबाईंचा हात आधी, मग ओळीने सगळ्यांचे. मीही केला, मुलाच्या समोर. पुरुषांतलेही बरेच हात आले. नकाशा बदलून आणतो, असं सांगून बिल्डरचा माणूस गेला.

घरी मुलगा जेवेना. ती म्हणाली, "विकू नका म्हटलंय का मी? वाट सोडून विका." त्याने ताट ओढलं.

भाद्रपदात मी आणि सून गौर आणायला गेलो. तळं तुडुंब. जिथे रेघ होती तिथे गुडघाभर पाणी, धुण्याचे दगड बुडालेले. रेघ ओढली तेव्हा तळं आटलेलं होतं, आणि पावसाळ्यातलं पाणी कुठवर येतं ते आम्हा गावच्या बायकांच्याही ध्यानात आलं नव्हतं! मला केवढं बोलायचं होतं. पण आमची रीत अशी, की गौर घरी येईपर्यंत तोंडात पाण्याची चूळ धरायची. गाल फुगवून दोघी एकमेकींकडे बघत चाललो.

दारात गौर आणणारीच्या पायांवर पाणी घालतात. तांब्या घेऊन माझा मुलगाच उभा होता. वाकून पाणी घालता घालता त्याने विचारलं, "कुठवर आलंय तळं?"

सुनेने गुडघ्याला हात लावला.

"रेघेवर?"

तिने मान डोलावली.

"मंग वाट आजून मागं घ्यायला लागंल," तो म्हणाला, आणि आत जायला तिला जागा करून दिली.