मोगऱ्याची आगाऊ बातमी

आमच्या गावात वसंत ऋतू पंचांगाप्रमाणे लागत नसे. माझ्या पत्नीच्या मामांनी फळ्यावर लिहिल्याशिवाय तो लागतच नसे. पाडवा होऊन चार दिवस गेले, झाडं कैऱ्यांनी लगडली, कोकीळ ओरडून ओरडून दमला, तरी आळीतली माणसं कोपऱ्यावरच्या फळ्याकडे बघून म्हणत, वसंताचं अजून काही आलेलं नाही. मामा तिच्या आईकडून कुठूनसे दूरचे लागत. पण ती मामा म्हणे म्हणून सबंध आळीच त्यांना मामा म्हणू लागली. त्यांनी सारी नोकरी पोस्टात तारमास्तर म्हणून केली होती. पेन्शन घेतली त्याच आठवड्यात शाळेने टाकून दिलेला एक फळा त्यांनी आणला, आपल्या घरापुढच्या दगडी गडग्याला टांगला आणि रोज सकाळी त्यावर खडूने गावातल्या झाडांच्या बातम्या लिहायला सुरुवात केली. माघात सुरंगीचे गजरे बाजारात आले की पहिली बातमी लागे आणि मृगाच्या आधी फळा घरात जाई.

बातमी दहा शब्दांत बसली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्यापुढे गेली की ती बातमी राहत नाही, कीर्तन होतं, असं ते म्हणत. एकदा त्यांनी लिहिलं, "वकिलांचा सोनचाफा उमलला. फुले तीन. वकील गावी नाहीत." वकील रेवसच्या लाँचने मुंबईहून परत येईपर्यंत तिन्ही फुलं कुणाकुणाच्या देवघरात पोचली होती. वकिलांनी येऊन जाब विचारला. मामांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं, "सोनचाफा निरंक. वकील आले." ज्या दिवशी गावभर नव्या राज्याचे पेढे वाटले जात होते, त्या दिवशी फळ्यावर होतं, "पायरी आंब्याला पाड लागला. आढी घालावी." आळीतल्या एका देशभक्ताला याचा राग आला. मामा त्याला म्हणाले, "राज्याचं पेपरात येईलच की. पायरीचं कोण छापणार?"

बातमी आणायला ते स्वतः जात. डोक्याला टोपी, हातात छत्री, आणि छत्रीच्या टोकाने पानं बाजूला सारून फुलं मोजायची. कुणाच्या सांगण्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. डॉक्टरीणबाईंनी आपल्या जाईला शंभर फुलं आल्याचं सांगितलं, तर मामा जाऊन मोजून आले आणि त्यांनी सत्त्याऐंशी छापली. त्यापुढे दोन वर्षं डॉक्टरीणबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. एवढं असून मामांच्या स्वतःच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू सोडून काही नव्हतं. मी एकदा कारण विचारलं. बातमीदाराने स्वतःची बातमी द्यायची नसते, म्हणाले. त्यांची बायको फार पूर्वी, ऐन तारुण्यात गेली होती. त्याबद्दल ते कधीच काही बोलत नसत.

फळ्याला आणखी एक नियम होता, तो मला पत्नीकडून कळला. वाळलेलं, किडलेलं, उन्मळून पडलेलं तिथे काही येत नसे. त्या काळी तार म्हणजे बहुतेक मरणाचीच. शिपाई आजारी असला की मामा स्वतः तार घेऊन निघत, आणि ते आळीत वळलेले दिसले की बायका पदर तोंडाला लावून दारात येत. एकदा नातू झाल्याची तार त्यांनी नेली, तर म्हातारी ती ऐकण्याआधीच घेरी येऊन पडली. "जन्मभर लोक मला बघून घाबरले," ते पत्नीला म्हणाले होते. "आता मला बघून कुणी दार उघडलं तर बरं वाटेल."

आमचं दार तिने त्यांच्यासाठी नेहमी उघडं ठेवलं. विहिरीजवळचा तिचा मोगरा ही फळ्यावरची मानाची बातमी. चैत्रगौर बसली की महिनाभर आळीत घरोघर हळदीकुंकू चाले आणि गौरीसाठी फुलं आमच्याकडून जात. सकाळी परड्या घेऊन बायका येत, ती फुलं वाटी आणि मामा शेजारी उभे राहून मोजत.

त्या वर्षी पौषात तिला मुंबईला इस्पितळात नेलं. परत येताना लाँचमध्ये मी एकटा होतो. मामांना तार मीच केली होती. मामा मला न्यायला धक्क्यावर आले. त्यानंतर मी विहिरीकडे फिरकलो नाही. घरापुरतं पाणी नळावरून आणी. रहाटाचा आवाज हा तिच्या सकाळचा आवाज होता, तो आपल्या हाताने करवेना. शाळेतून आलो की पुस्तक उघडून बसायचं आणि तेच पान दिवे लागेपर्यंत पुढे ठेवायचं. मोगऱ्याची पानं आधी पिवळी पडली, मग गळली, मग नुसत्या काड्या राहिल्या. मला ते दिसत होतं. त्यात काही करण्यासारखं आहे असं वाटत नव्हतं.

चैत्रगौर बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. दारात आळीतल्या तिघी परड्या घेऊन उभ्या, आणि त्यांच्यामागे मासळीची पाटी उतरवून ठेवलेली हिराबाई. हिराबाईला वाचता येत नसे, पण फळा रोज कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय ती बाजारात जात नसे. मोगरा न्यायला आलो, असं त्यांनी सांगितलं. मला काही समजेना. त्यांना घेऊन विहिरीकडे गेलो, आणि आम्ही सगळे त्या काड्यांपुढे उभे राहिलो. मग कळलं, फळ्यावर लिहिलं होतं, "विहिरीकडचा मोगरा फुलला. फुले एकवीस. परडी आणावी."

तिघी खाली बघून निघाल्या. हिराबाई मात्र वाकून झाडाकडे बघत राहिली.

"गुरुजी, तारवाल्या बाबानं आजवर खोटं लिवलं न्हाय," ती म्हणाली.

"या वेळी लिहिलंय."

"मंग तुमी पानी घाला. म्हाताऱ्याचा फळा खोटा पाडू नका."

मी तसाच मामांकडे गेलो. एवढा राग मला पौषापासून कशाचाच आला नव्हता. मामा ओट्यावर बसले होते. हे काय लिहिलंत, मी विचारलं.

"आगाऊ दिली," ते म्हणाले.

"झाड मेलंय, मामा."

"नाही मेलं. परवा तुम्ही शाळेत गेल्यावर बघून आलो. नखाने खोड खरवडलं. आत हिरवं आहे." मग म्हणाले, "मोगऱ्याला फुलापूर्वी पाण्याचा ताण द्यावा लागतो, जावईबुवा. ती महिनाभर द्यायची. तुम्ही तीन महिने दिलात. आता पुरे करा."

मामा फळ्याकडे बघत होते. "तिचा मोगरा वाळला, हे माझ्या हातून लिहून होणार नाही," ते म्हणाले. "आणि तिचं काहीच लिहायचं नाही, तेही जमेना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रहाट ओढला. वाळल्या काड्या छाटल्या, आळं खणलं, पाणी सोडलं. मामा रोज येऊन नवी फूट मोजून जात. फळ्यावरच्या बाकीच्या बातम्या पुसल्या जात, नव्या येत. ती ओळ मात्र त्यांनी पुसली नाही. आळीला ती खोटी असल्याचं ठाऊक होतं. तरी कुणी तसं बोललं नाही, डॉक्टरीणबाईसुद्धा नाही. अक्षय तृतीया आली, हळदीकुंकवं संपली, गौरी उठल्या. मोगऱ्यावर तांदळाएवढ्या कळ्या होत्या.

त्यानंतर सातव्या दिवशी तो फुलला. मामांनी फुलं दोनदा मोजली; अकरा भरली. जाऊन त्यांनी ती ओळ पुसली आणि परत आले. मी फुलं ताटलीत काढून ठेवली होती. आता ती कुणाला द्यायची, हे दोघांनाही सुचेना. त्यांच्या घरात माळणारं कुणी नव्हतं, माझ्याही नव्हतं. शेवटी मामा म्हणाले, "झाडावरच ठेवायला हवी होती." मग आम्ही विहिरीच्या पायरीवर ऊन तापेपर्यंत बसून राहिलो. ताटली मध्ये होती.

मामांना जाऊन तीन वर्षं झाली. मोगरा वेळेवर फुलतो. चैत्रात बायका परड्या घेऊन येतात. मी आत असतो, त्यांची त्यांनीच तोडून नेतात. फाटक लागल्याचा आवाज आला की मी बाहेर जातो आणि उरलेली मोजतो. मोजून झाल्यावर थोडा वेळ तिथेच उभा राहतो. मग शाळेची घंटा ऐकू येते, आणि आत जाऊन कोट घालतो.