आमची स्टॉपर

मैदानाबाहेर दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारी दर्शना भोईर मैदानात उतरली की नव्वद मिनिटं तोंड मिटायची नाही. मी गोलकीपर आणि ती माझ्या पुढची स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी उभी राहणारी. त्यामुळे तिच्या चेहऱ्यापेक्षा तिची पाठच मी जास्त पाहिली, आणि तिचा आवाज ऐकला. "मागं हाय एक! डावीकडं बघ! सोर, सोर, मी घेते!" सोर म्हणजे सोड. नवघरच्या आगरी घरातली पोर ती. वर्गात शुद्ध बोलायची, पण खेळायला लागली की घरची भाषा बाहेर पडायची. अंधेरी-बांद्र्याच्या टीममधल्या मुली सुरुवातीला हसायच्या. पहिल्या पंधरा मिनिटांत ते हसणं थांबायचं.

आम्ही परळहून भाईंदर पूर्वेला राहायला आलो तेव्हा मी आठवीत होते. नव्या शाळेत पीटीच्या सरांनी माझी उंची बघून मला गोलमध्ये उभं केलं. पहिल्याच मॅचला बॉल माझ्या हातातून निसटून आत गेला आणि मी सगळ्यांसमोर रडायला लागले. दर्शना चालत आली. माझा सुटलेला ग्लोव्ह तिने घट्ट बांधला आणि म्हणाली, "बॉल तुझ्यापर्यंत आला ही माझी चूक. तू कशाला रडतंस?"

ती हे समजूत घालायला म्हणाली नव्हती, तिचा तसा विश्वासच होता. गोल गेला की तिच्या लेखी चूक तिचीच. मॅच हरल्यावर बाकीच्या वडापाव खात असायच्या तेव्हा ही बाजूला बसून बोटाने मातीत रेघा ओढायची. "मी हितं उभी पायजे व्हती, दोन पावलं पुढं गेले." तिचे वडील मिठागरावर मुकादम होते. ती कॉलेजात असताना ते गेले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती प्रॅक्टिसला हजर होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "घरी बसून काय करू गो? आई रडते, मग मी रडते. हितं निदान बॉल येतो."

पुढे मी बँकेत लागले आणि खेळ सुटला. ती खेळत राहिली. मुंबईच्या क्लबांतून, मग बाहेरच्या राज्यांतून. एक दिवस घरी येऊन म्हणाली, परदेशातले क्लब व्हिडिओ बघून खेळाडू घेतात, माझा एक करून दे ना. स्ट्रायकरचा व्हिडिओ करणं सोपं, गोल दाखवले की झालं. दर्शना जिथे उभी असायची तिथे काही घडायचंच नाही. घडू न देणं हेच तिचं काम. ते दाखवायचं कसं? शेवटी मी तिचे हेडर निवडले. कॉर्नरवर सगळ्यांच्या वर उडी मारून कपाळाने बॉल परतवणारी दर्शना, एकामागोमाग एक, चार मिनिटं. क्रोएशियातल्या समुद्राकाठच्या एका छोट्या गावातल्या क्लबाने ती चार मिनिटं बघून तिला बोलावलं.

जायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या स्कूटरवर आम्ही वरसाव्याला गेलो. खाडीच्या कठड्याला टेकून ती उभी राहिली. मग म्हणाली, "तिथं मी ओरडले तर कोनाला कळंल?"

कळलं. दोन महिन्यांत तिचा मेसेज आला की तिथली गोलकीपर 'सोर' म्हटलं की बॉल सोडते. सोबत हसणाऱ्या सहा स्मायल्या. दोन सीझन ती तिथे खेळली. तिथल्या त्या गावाजवळही मिठागरं होती, व्हिडिओ कॉलवर ती आईला, म्हणजे काकींना, दाखवायची आणि त्या म्हणायच्या, "आपल्यापेक्षा पांढरा हाय गो मीठ."

दुसऱ्या सीझनच्या शेवटी एका दुपारी, माझ्या लंच टाइममध्ये, तिचा फोन आला. मॅचमध्ये समोरच्या मुलीच्या डोक्यावर तिचं डोकं आपटलं होतं. "तेव्हापासून दुखतंय. उजेड सहन होत न्हाय. कागद वाचायला घेतला की अक्षरं हलतात."

मी म्हटलं, "डॉक्टरला सांग."

"सांगितलं की बसवतील. करार संपत आलाय. बाहेर बसलेल्या स्टॉपरला परत कोन घेतो? दोनच मॅच राहिल्यात. कोनाला बोलू नको, तुला शपथ हाय."

मी म्हटलं, "बरं. गोळी घे आणि झोप." समोर कस्टमर येऊन उभा राहिला होता. मी फोन ठेवला.

त्या रविवारी मी मोबाइलवर तिची मॅच बघत होते. कॉर्नर आला, तिने उडी मारली, कपाळाने बॉल लांब परतवला. धक्कासुद्धा कोणाचा लागला नाही. बॉलबरोबर कॅमेरा पलीकडे गेला. परत आला तेव्हा दर्शना गवतावर बसलेली होती आणि तिची गोलकीपर दोन्ही हात हलवून कोणाला तरी बोलावत होती.

तीन दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. काकींना इंग्रजी येत नाही म्हणून फोन मी घ्यायचे आणि त्यांना मराठीत सांगायचे. डॉक्टर म्हणाले, आधीचा मार भरून आला नव्हता, त्यावर पुन्हा झटका बसला आणि मेंदूला सूज आली. हे मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आधी डोकं दुखत असल्याचं ती घरी कोणाला बोलली होती का? काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तो एक प्रश्न मी त्यांना सांगितला नाही. फोनवर मीच म्हणाले, "नो."

दर्शना चौथ्या दिवशी पहाटे गेली. सत्ताविसाव्या वर्षी.

दोन महिने मी नवघरच्या रस्त्याने जायचं टाळलं. मग एका सकाळी गेले. काकी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, फोन, ते 'नो'. त्यांचे हात थांबले नाहीत. मी रडत होते, त्या सोलत होत्या.

मग म्हणाल्या, "तुना पन शपथ घातली व्हती?"

मी वर बघितलं.

"मना पन बोलली व्हती. आई, डोका लय दुखतो, उजेड बघवत न्हाय. मी बोलले, खोबरेल तेल चोल, बरा वाटंल." त्यांनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली. "चोलला तिनं. रातच्याला फोनवर दाखवला मना. बोलली, आई, बरा वाटतंय."